कस्तुराबाईंनी पाहिलेला सिनेमा

"सर, थांबवा! तेवढंच मांगं घ्या अन् पुन्हा लावा."

दारातून आवाज आला तशी अंधारात बसलेली सगळी पोरं वळली. दारात कस्तुराबाई उभ्या होत्या. अनसिंगच्या या शाळेत त्या पोरांची खिचडी शिजवायच्या. सगळी शाळा त्यांना आजी म्हणायची. त्यांची सख्खी नात संस्कृती इथंच तिसरीत होती. एरवी त्या वर्गात पाय ठेवत नसत. पण आज शनिवार, खिचडी लवकर उतरली होती. धम्मरत्न सरांनी खिडक्यांवर सतरंज्या टाकून भिंतीवर सिनेमा लावला होता, म्हणून पदराला हात पुसत त्या दारापर्यंत आल्या होत्या.

सिनेमा एका डोंगरातल्या मुलीचा होता. तिला वाचता येत नसे, म्हणून रोज मार बसे. आधी शेजारच्या बाकावरच्या मुलीचं पुस्तक दिसलं. पान स्वच्छ, अक्षरं जागच्या जागी. मग तेच पान या मुलीच्या डोळ्यांतून दिसलं. 'घ'चा 'ध' झाला. एकाची वेलांटी दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसली. वरची ओळ खालच्या ओळीत घसरली आणि सगळं पान वाहत्या पाण्याखालच्या खड्यांसारखं हलायला लागलं.

सरांनी तो भाग पुन्हा लावला. कस्तुराबाई चालत थेट भिंतीपाशी गेल्या. त्यांनी हात टेकला, तर अक्षरं त्यांच्या हातावरून वळवळत गेली. हात त्यांनी काढला नाही.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे तुमाले हे हालत नाही?"

"नाही, आजी."

"पुस्तकात सरळ दिसते? थांबते एका जागी?"

"हो."

त्या पोरांकडे वळल्या. "तुमालेबी हालत नाही रे?"

"नाहीऽऽ!" सगळा वर्ग ओरडला.

आवाज विरला, आणि तिसऱ्या ओळीतून कोणीतरी बोललं, "मले हालते."

संस्कृती होती. मान खाली घालून बसली होती.

कस्तुराबाई तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या. एका ताटात जेवायच्या दोघी, एका गोधडीत निजायच्या. आणि हीच पोर वाचत नाही म्हणून काल त्यांनीच तिच्या पाठीत धपाटा घातला होता.

सरांनी सिनेमा थांबवला आणि ते त्यांच्याजवळ येऊन फरशीवर बसले. "आजी, याला डिस्लेक्सिया म्हणतात. डोकं कमी असण्याशी याचा काही संबंध नाही. अशी मुलं शिकतात, फक्त शिकवायची रीत वेगळी लागते. आपण संस्कृतीला वाशिमला दाखवून आणू."

"नाव हाये याले?" कस्तुराबाई सरांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "माय माय! नावबी हाये!"

घरी हरीओम, त्यांचा मुलगा, पोरीचे कपडे पिशवीत भरत होता. उद्या तो तिला धनजला मामाकडे ठेवायला नेणार होता. मामा कडक. धाकात राहिली की वाचेल, असं त्याचं गणित.

"हे कुठी जात नाही," कस्तुराबाई म्हणाल्या.

"आई, तू शाळेचं तोंड नाही पाह्यलं. तुले काय समजते त्यातलं?"

"तीन वर्सं गेली मी शाळेत."

हरीओमचे हात थांबले.

"शाळा गरिबीपायी राह्यली, असं तुले सांगत आली. खोटं हाये थे. गुरुजी मले ढ म्हणत. रोज अंगठे धरून उभी. मले वाटे, अक्षर सगळ्यायचंच हालते. बाकीचे हुशार हायेत, हालतं अक्षर धरतात. मलेच धरता येत नाही."

"अन् कोणालेच बोलली नाही तू?"

"काय बोलू? दुसऱ्यायले सरळ दिसते, हे मले आज समजलं, बाप्पा!"

हरीओमनं पिशवीतला एकेक फ्रॉक काढला आणि दोरीवर परत टाकला.

चहा झाल्यावर कस्तुराबाईंनी नातीला फोन लावायला सांगितला. त्यांना ढ म्हणणारे गुरुजी गेले, कान धरून शाळेतून कायमचं घरी आणणारा बापही गेला. ते दिवस आठवणारी एकच उरली होती, मंगरूळपीरला दिलेली मोठी बहीण रुपाबाई. शाळेत दोघी एका तरटपट्टीवर बसायच्या. आता तिला ऐकू कमी येई.

"रुपाबाई, मी ढ नव्हती व!"

"काय? कढी?"

कस्तुराबाई उठून अंगणात आल्या. फोन तोंडासमोर धरून, सगळा दम एकवटून ओरडल्या, "ढ! ढ नव्हती मी!"

समोरच्या ओट्यावर तूर निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. कस्तुराबाई त्यांच्याकडे पाहत तशाच ताठ उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर घसरला होता. तो सावरायचं त्यांना सुचलं नाही.