डाव्या हाताचा चाकू

काकांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या: कलम बांधायचं आणि कुणावर पटकन विश्वास ठेवायचा नाही. पहिली ती मन लावून शिकली. दुसरी तिने काकांच्या बाबतीत कधी लावून पाहिली नाही, कारण शिकवणारे तेच होते.

ती नऊ वर्षांची असताना वडील गेले आणि या सख्ख्या काकांनी तिला आपल्या रोपवाटिकेत आणलं. मागे दोन खोल्या, पुढे कुंड्यांच्या रांगा, कडेला पत्र्याची शेड. डाव्या हाताने चमचा धरणारी पोर बघून काकांनी तिचं नाव 'डावरी' ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ती चौदाची झाली तेव्हा त्यांनी एका जुन्या घडीच्या चाकूची धार घासून डाव्या हाताची करून दिली. कलमाच्या चाकूचं असं असतं की पातं एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला उतरतं. उजव्या हाताच्या माणसाला उतार एकीकडे लागतो, डावखुऱ्याला दुसरीकडे. उलटा चाकू हातात आला की तो सरळ जात नाही. लाकडात तरी शिरतो, नाहीतर बाहेर पळतो. काप पोटातून खोलगट येतो, आणि दोन खोलगट काप एकमेकांना चिकटत नाहीत. हे तिला काकांनीच सांगितलेलं.

दोन वर्षांपूर्वी काकांचा उजवा हात थरथरायला लागला. चहा बशीत सांडायचा, बशीतला शर्टावर. तेव्हापासून वाटिकेतलं प्रत्येक कलम ती बांधत होती. गिऱ्हाईक म्हणायचं, "काकांचा हात लागला की झाड जगलंच समजा," आणि काका मान हलवायचे. ती मागे कुंड्या उचलत असायची. तिला त्याचं काही वाटत नसे. घरच्या माणसाचं नाव झालं तर आपलं काय जातं?

त्याच वर्षी नदीपलीकडच्या मोठ्या रोपवाटिकेने तिला कामाला बोलावलं होतं. पगार, राहायला खोली, हाताखाली चार माणसं. ती गेली नाही. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला टाकून कुठे जायचं? आता दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा बोलावलं. जागा एकच, आणि आधी परीक्षा: तासाभरात वीस कलमं. अट अशी की चाकू स्वतःचा हवा आणि न मिटणारा हवा. घडीच्या चाकूच्या सांध्यात चीक आणि माती अडकते, एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागतो, म्हणून तो चालणार नव्हता. म्हणजे तिचा जुना चाकू बाद.

तिने काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कुंडीतलं गवत उपटत राहिले.

"जा की," शेवटी म्हणाले. "मी काय पाय धरून ठेवलेत तुझे?"

"तुमच्या हाताचं काय? मी रविवारी येत जाईन, आठवड्याची कलमं एका दिवसात उरकीन."

"बघू. आधी चाकू तर घे. आणि एकटी जाऊ नकोस. हत्यारांच्या दुकानात बाई दिसली की ते भाव आधी ठरवतात आणि वस्तू मग दाखवतात."

तिला भरून आलं. काका रागावतील या भीतीने तिने चार रात्री झोप घालवली होती, आणि हे तर स्वतः बरोबर यायला निघाले.

तिच्याकडे डब्यांतली फुलझाडं विकून साठवलेले पैसे होते, तेवढेच. दुकानदाराने आधी पितळी खिळ्यांच्या लाकडी मुठीचा चाकू पुढे केला. हातात घेताच जीव लागावा असा. किंमत ऐकून तिने तो अलगद खाली ठेवला. नाकापेक्षा मोती जड.

दुसरा चकचकीत होता आणि स्वस्त होता. काकांनी मूठ कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारली.

"पोकळ आहे," ते म्हणाले. "पातं अर्ध्या मुठीतच संपलंय, पुढे नुसता डिंक. शंभर कलमांत मूठ तुझ्या हातात आणि पातं झाडात."

दुकानदार ओशाळून हसला. "काकांपुढे काही चालायचं नाही." मग खालच्या खणातून त्याने एक धुळकट चाकू काढला. काळी मूठ, रुंद पातं, पोलाद थेट मुठीच्या टोकापर्यंत. "हा चांगला आहे, ताई, पण डावखुऱ्याचा. चुकून आला. वर्षभर कुणी हात लावला नाही. नेणार असाल तर अर्ध्या किमतीत देतो."

ती हसायलाच लागली. ज्या हाताबद्दल आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्या हाताने पहिल्यांदाच काहीतरी स्वस्तात मिळवून दिलं होतं. तिने डाव्या हाताने कागदाची पट्टी कापली. काप सरळ गेला. घरी जायच्या बसला थोडे पैसे उरले.

काका वाटेत म्हणाले, "पहिली धार मी लावून देतो."

ही त्यांच्या घरातली रीत. नव्या चाकूला पहिली धार शिकवणाऱ्याने लावायची, तेलकट फडक्यात गुंडाळून द्यायचा आणि ज्या कामासाठी घेतला त्या कामाच्या वेळीच सोडायचा. काकांच्या चाकूला ती तिच्या वडिलांनी लावली होती.

"पण तुमचा हात..."

"हळूहळू करीन. एवढं तरी करू दे मला."

दोन संध्याकाळी शेडमधून दगडाचा आवाज येत होता. एवढी चांगली धार असलेल्या चाकूला एवढा वेळ कशाला, असं तिच्या मनात आलं. मग तिनेच स्वतःला दटावलं. थरथरत्या हाताने करायचं म्हणजे वेळ लागणारच. ती स्वयंपाक करता करता ऐकत राहिली आणि तिला वाटलं, वडील असते तर असेच बसले असते. परीक्षेच्या सकाळी काकांनी पुडकं हातात दिलं, डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता. तिने वाकून नमस्कार केला.

परीक्षेच्या टेबलावर तिने फडकं सोडलं.

पातं अरुंद झालं होतं. तिला आधी वाटलं, पुडकंच दुसऱ्याचं आलं. मूठ तीच होती. तिने पातं उजेडात धरलं. उतार दुसऱ्या अंगाला होता. विकत घेतलेला उतार घासून सपाट केलेला, आणि सपाट होती ती बाजू उतरवलेली. चुकून दगडावर चार हात जास्त फिरले तर असं होत नाही. त्यासाठी एका बाजूचं पोलाद संपवावं लागतं आणि मग दुसरी बाजू नव्याने काढावी लागते. त्याला दोन संध्याकाळी लागतात.

तरी तिने कामाला सुरुवात केली. पहिला काप खोलगट आला. दुसऱ्या वेळी चाकू काडीतून निसटून अंगठ्यात गेला. उजव्या हाताने करून पाहिलं तर काडीच चिरली. चार कलमं झाली आणि चारही बघवत नव्हती. शेजारची माणसं बाराव्यावर होती. तिने चाकू खाली ठेवला आणि अंगठा फडक्यात दाबून उभी राहिली.

तपासणाऱ्या बाई जवळ आल्या. त्यांनी आधी काप पाहिले, मग तिचा हात, मग चाकू.

"डावखुऱ्या आहात आणि उजव्या हाताचा चाकू आणलात?"

"माझी चूक झाली," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार? केसाने गळा कापला असं लोक म्हणतात. इथे निदान हत्यार तरी घेतलं होतं.

बाईंनी पात्यावरून नख फिरवलं. "धार मात्र देखणी आहे हो. मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी, कुठे लाट नाही. कोणाचा हात हा?"

"काकांचा."

"नशीबवान आहात, असा स्थिर हात घरात आहे." त्यांनी कागदावर काही खरडलं. "शनिवारी दुसरी तुकडी आहे, तुमचं नाव त्यात घालते. चाकू नीट करून आणा. उसना चालणार नाही."

ते वाक्य बसमध्ये बसल्यावर तिच्यापर्यंत पोचलं. स्थिर हात. तिने पुडकं सोडून पातं पुन्हा पाहिलं. थरथरत्या हाताने दगडावर पातं ओढलं की धार लाटालाटांची होते, हे शेंबडं पोरही सांगेल. ही धार पट्टीने आखल्यासारखी होती. सांडलेला चहा, गिऱ्हाइकांसमोर खिशात घातलेला हात, "एवढं तरी करू दे", सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. थरथर सुरू झाली ती कधी? नदीपलीकडून पहिल्यांदा बोलावणं आलं त्याच्या आदल्या की पुढच्या आठवड्यात? तिने आठवून पाहिलं. पुढच्या आठवड्यात. दोन वर्षं ती त्या हाताची काळजी करत होती, त्याला तेल चोळत होती. तिला इतकी लाज वाटली की तिने खिडकीकडे तोंड केलं.

ती आली तेव्हा काका शेडमध्ये चहा घेत बसले होते. तिला बघताच बशी हलायला लागली.

"लवकर आलीस. नाही जमलं का? जाऊ दे, डावरे, तिथली माणसं आपल्यातली नव्हेत. आपली वाटिका आहे ना."

तिने चाकू त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी पात्याकडे पाहिलं नाही.

"सवयीनं झालं असेल गं. मी उजवा."

"सवयीनं पाव पातं झिजत नाही, काका."

काका बशीतल्या चहाकडे बघत म्हणाले, "तू गेलीस तर इथं कोण आहे?"

हे त्यांनी दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर ती कदाचित राहिली असती, आणि आनंदाने. हे तिने त्यांना सांगितलं नाही. सांगून त्यांना तेवढं समाधान कशाला द्यायचं?

तिने दगड आणला, पाणी आणलं, दोन्ही त्यांच्या मांडीशी ठेवलं.

"परत डावी करून द्या. आत्ता, माझ्यासमोर."

"पातं उरायचं नाही फारसं."

"वीस कलमांपुरतं उरलं तरी पुरे."

काकांनी बशी खाली ठेवली. चाकू घेतला, दगड भिजवला आणि घासायला लागले. ती समोर पाटावर बसली. दीड तास दगडाचा आवाज येत राहिला. ती चाकूकडे बघतच नव्हती, हाताकडे बघत होती. हात एकदाही थरथरला नाही.

झाल्यावर त्यांनी फडकं शोधायला इकडेतिकडे पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली. तिने तिथल्याच एका खुंटाची काडी डाव्या हाताने कापून पाहिली, काप उजेडात धरला आणि कपडे भरायला आत गेली.