जिभेत राहिलेली निळी

मी एक जुना शाईचा पेन आहे आणि मला कोणीही आवडत नाही. सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. मित्रांनो असं म्हणायची पद्धत आहे म्हणून मी म्हणणार, पण तुम्ही पेनची टोपणं चावता हे मला माहीत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्याबरोबर जन्मलेले पेन पुढे मोठमोठ्या खिशांना लागले, सह्या करू लागले. मला एका शाईवाल्याने विकत घेतलं. अरुंद, लांबलचक दुकान. पुढे रस्त्याकडची खिडकी, खिडकीखाली टेबल, मागे शाई उकळायची खोली. मला वाटलं, आता आपण काहीतरी थोर लिहिणार. पण माझं काम एकच होतं, शाई चाखायचं. नवा रंग तयार झाला की मला बुडवायचं आणि कागदावर तेच ते वाक्य लिहायचं, 'ही शाई कशी आहे ते उद्या सांगा.' आयुष्यभर मी एवढंच लिहिलं. उत्तर कोणी दिलं नाही.

मालक मात्र कामाचे पक्के होते. एक रंग झाला की दुसरा भरण्याआधी मला मागच्या खोलीतल्या मोरीत नेऊन कोमट पाण्याने धुवायचे. निब वेगळी, तिच्याखालची जीभ वेगळी. पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचे नाहीत. ओल्या शाईला ते कधी बरी म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. "ओली असताना सगळ्याच गोड बोलतात, वाळू दे," असं म्हणायचे आणि कागद खिडकीत ठेवून द्यायचे. मग उजेडात बघायचे, शाई कागदात फुटली का, पाण्याच्या थेंबाने ओघळते का, अक्षराच्या वळणावर गडद होते का. मी नाकारलेल्या हिरव्या शाया आठवल्या की मला आजही बरं वाटतं.

या दुकानाची एक निळी प्रसिद्ध होती. ओली असताना साधीसुधी दिसायची. वाळली की अक्षराच्या कडांना लालसर झाक यायची. ती मालक दोन पातेल्यांत दोन वेगळ्या निळ्या करून, दार लावून, एकत्र ओतत असत. हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. मला कोणी विचारलं नाही.

मालकांना दोन मुलं. थोरला दादा आणि त्याच्या पाठची ताई. दोघं लहानपणापासून एकमेकांच्या जेवणात खोड्या काढून मोठी झाली. मालक अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी एकेकाला बोलावलं. दादाच्या कानात जांभळट निळीची कृती सांगितली, ताईच्या कानात हिरवट निळीची. दोघांनाही म्हणाले, "आपली निळी आता तुझ्या हातात आहे." त्यांना वाटलं, पोरं घोटाळतील, बोलतील, एकत्र येतील. मालक शाईतले जाणकार होते, माणसांतले नव्हते.

मालक गेले. बनवून ठेवलेली निळी संपली. गिऱ्हाईक परत जाऊ लागलं. तेव्हा आईने निकाल दिला.

"ज्याला बाबांची निळी जमेल, तो दुकानात बसेल. दुसऱ्याने दुसरं काहीतरी बघायचं. मला रोज तुमची भांडणं ऐकून घ्यायची नाहीत."

पारखायला हेडबाईंना बोलावलं. या बाईंनी दोघांनाही शाळेत शिकवलं होतं आणि जन्मभर याच निळीने लिहिलं होतं. त्या सकाळीच आल्या, खिडकीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "भांडायचं असेल तर आधी भांडून घ्या. मग मला शांतता हवी."

"मी कुठे भांडतोय?" दादा म्हणाला. "तिलाच सवय आहे."

"बघा बाई, आत्ता कोणी सुरू केलं!"

"बसा दोघंही," हेडबाई म्हणाल्या, आणि दोघंही बसली. मला त्या बाई थोड्याशा आवडल्या. थोड्याशाच.

आधी दादाची शाई भरली. हेडबाईंनी माझं जन्माचं वाक्य लिहिलं. कागद खिडकीत गेला. शाई वाळली. हेडबाईंनी कागद उजेडात धरला.

"चांगली आहे. पण ती नाही. ही नुसतीच जांभळी पडते."

ताई हसली. मग ती मला धुवायला मागे निघाली, तर मागच्या खोलीला कुलूप.

"किल्ली दे."

"कशाला? माझी पातेली बघायला?"

"पेन धुवायला, दादा!"

"इथेच पूस. तुझी शाई एवढी अस्सल आहे ना, मग तिला काय फरक पडतोय?"

मित्रांनो, माझ्या सबंध नोकरीत असा अपमान झाला नव्हता. ताईने मला टेबल पुसायच्या फडक्याने पुसलं. निब चकचकीत झाली. पण माझ्या जिभेच्या खाचांत दादाची शाई तशीच होती. त्यावर ताईने आपली शाई भरली.

हेडबाईंनी पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा खिडकी. यावेळी कागद हातात घेतल्यावर बाईंनी तो डोळ्यांजवळ नेला. त्यांनी चष्मा पुसला.

"हीच," त्या म्हणाल्या. "कडा बघ. लाल आहेत."

आई उठून आली. कागद बघितला आणि पदराला हात पुसत राहिली. हात ओले नव्हते. ताई टाळ्या पिटत म्हणाली, "दादा, तुझं सामान बांधायला मी मदत करते हं!"

दादाचा चेहरा टीपकागदासारखा झाला. मग एकदम त्याचे डोळे चमकले. "थांबा! पेन धुतला नव्हता! तिने माझी शाई चोरली!"

"चोरली? कुलूप तूच लावलंस ना!"

दादाने कुलूप काढलं. मालक गेल्यानंतर पहिल्यांदाच मला कोणीतरी नीट धुतलं, तेही बहिणीला खोटं पाडायला. कोमट पाणी, निब वेगळी, जीभ वेगळी. बापाचा हात त्याच्या हातात होता, हे मला कबूल करावं लागेल. मग स्वच्छ पेनात ताईची शाई भरली. लिहिलं, वाळवलं. फिकी, हिरवट निळी.

"ही नाही," हेडबाई म्हणाल्या.

"बघ! तुझी नाहीच!" दादा उड्या मारायचाच बाकी होता.

"तुझीही नाही," बाई म्हणाल्या. "मघाची होती ती दोघांची मिळून होती. तुमचे बाबा तुमच्याइतके खुळे नव्हते. आता दोन्ही एका बाटलीत ओता आणि मला घरी जाऊ द्या."

दोघांनी आपापल्या बाटल्यांकडे पाहिलं. आईने आशेने बघितलं. खरं सांगतो, मीही बघितलं.

"कोणाच्या बाटलीत?" ताईने विचारलं.

"माझ्या," दादा म्हणाला. "थोरला मी आहे."

"मग माझा थेंबही मिळणार नाही."

"ठेव तुझं गढूळ पाणी तुझ्यापाशी!"

आई आत निघून गेली. तिने निकाल मागेही घेतला नाही, पुढेही नेला नाही.

आता दुकानाच्या मधोमध एक कपाट आहे. अलीकडे दादा जांभळट निळी विकतो, पलीकडे ताई हिरवट. दोन्ही बाटल्यांवर लिहिलं आहे, 'बाबांची मूळ निळी'. हेडबाई येतात, दोघांकडून एकेक बाटली घेतात आणि घरी जाऊन तिसऱ्या बाटलीत ओततात. परवा त्या आईला एक चिठ्ठी देऊन गेल्या. आईने ती कपाटावर ठेवली. अक्षरांच्या कडा लाल होत्या. दादाने अलीकडून पाहिली, ताईने पलीकडून. दोघांचेही डोळे भरले. ही शाई बाईंकडे कुठून आली, हे कोणी विचारलं नाही. एकाने तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याने ऐकलं असतं.

मी त्याच कपाटात, काचेमागे असतो. पारखीच्या त्या दिवशी रागारागात दोघांनी मला पुन्हा दोन्ही शायांत बुचकळलं, ज्याची त्याची बाजू सिद्ध करायला, आणि तसंच ठेवून दिलं. आता धुवायचं कोणी, यावर त्यांचं एकमत होत नाही. टोपण घट्ट बसलंय. शाई आत सुकत चाललीय. लोक काचेतून बघतात आणि म्हणतात, केवढा जपून ठेवलाय वडिलांचा पेन.

मित्रांनो, पेन काचेत ठेवून जपला जात नाही. तो वापरावा आणि धुवावा. कधी मी तुमच्या हाती लागलोच, तर माझं टोपण चावू नका. कोमट पाणी घ्या, निब वेगळी करा, आणि जिभेला मात्र सावकाश हात लावा. तिथे ती दोघं अजून एकत्र आहेत.