ताकदीचं सलाईन

एकच गोष्ट कुणी परत परत विचारली की माझं डोकं फिरतं. लातूरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईनं दाढ उपटायच्या आधी परत विचारलं, “आजी, नक्की कसलं औषध चालू नाही ना?”

“एक गोळी न्हाई बघा,” मी ठासून सांगितलं. “ठणठणीत हाय मी. वर्षातून एकदा ताकदीचं सलाईन लावते, बास.”

तिनं हातातली पक्कड खाली ठेवली. “कोण लावतं?”

“हाडांचे डॉक्टर. हाडं ठिसूळ झालीत म्हणून.”

“अहो, त्या सलाईनमध्ये औषधच असतं. ते चालू असताना दाढ काढली, तर कधीकधी जखम भरत नाही, जबड्याचं हाड मरतं. आपण दाढ ठेवून रूट कॅनाल करू.”

रेणापूरला उतरले ती थेट शेजारच्या साखराबाईकडं गेले. हे सलाईन आम्ही दोघी जोडीनंच लावतो. मी सगळं रंगवून सांगितलं. ती पदरानं गाल दाबून ऐकत होती.

“मी उन्हाळ्यातच दाढ काढली,” ती म्हणाली. “खड्डा अजून भरंना गं.”

मी तिचा हात धरला. “ऊठ. लातूरची गाडी लागलेली हाय.”