पेटी नंबर दोन

रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की त्या घरात सगळ्यात आधी फ्रिज बंद व्हायचा. धाकटा स्वयंपाकघरात येऊन बटण दाबायचा आणि आपला वाचायचा चष्मा फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवायचा. काम संपल्यावर चष्मा लागला की फ्रिज उघडावाच लागे, आणि उघडला की तो चालू करायची आठवण होई. तीस वर्षांपूर्वी एकदा सगळं दूध नासलं, तेव्हा त्याला ही युक्ती सुचली होती. मग पंखा बंद व्हायचा, भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी निघायची आणि मागच्या खोलीच्या दाराला आतून जुनी गादी टेकवली जायची. घर अगदी गप्प व्हायचं.

ताईला मात्र हल्ली घर तसंही गप्पच वाटायचं. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

घरात तिघंच. थोरली ताई, मधला आणि धाकटा. तिघांच्या वयाची बेरीज दोनशेच्या वर गेली होती, पण हाका लहानपणीच्याच राहिल्या होत्या. मधला गिटार वाजवायचा. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यामागं वाजवली. "माझं वाजवणं म्हणजे भिंतीचं प्लास्टर," तो म्हणायचा, "पडलं तरच लोकांचं लक्ष जातं." धाकटा रेकॉर्डिस्ट. स्टुडिओ बंद पडले तसा तो आपली यंत्रं घेऊन घराच्या मागच्या खोलीत आला. आणि ताई म्हणजे या दोघांचा कान.

हे कानाचं प्रकरण फार जुनं. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ताई शाळेतून आली की टेबलाखाली बसून अभ्यास करायची, आणि वर सातआठ रेडिओ एकदम बोलत असायचे. एकदा ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, त्या कोपऱ्यातल्या रेडिओचा व्हॉल्व जाणार." वडील हसले. तिसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरीचा कान म्हणजे सोनाराचा काटा आहे." हे ऐकत दोघं भाऊ वाढले, आणि पुढं संसार झाले, मोडले, माणसं गेली, तरी ताई 'चांगलं आहे' म्हणाल्याशिवाय धाकट्यानं एकही रेकॉर्डिंग बाहेर दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला शिट्टीची किटली ऐकू येईनाशी झाली. पाणी आटून किटली करपली, तेव्हा तिनं नवी आणली, बिनशिट्टीची. मग एके दिवशी एकटीच जाऊन कान तपासून आली. तपासनिसानं कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ जायची आणि तिथून पुढं घसरगुंडीसारखी खाली. "वरचे बारीक आवाज गेलेत, आजी," तो म्हणाला. "बोलणं कळेल. मशीन लावा." ताईनं तो कागद कपाटात चादरींच्या खाली ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यानंतर मधल्याचं निघालं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आधी मुंग्या आल्यासारखी झाली, मग जड. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. बोटांकडे जाणारी नस वाळत चाललीय, ऑपरेशनचा उपयोग नाही. "किती दिवस?" मधल्यानं विचारलं. "दोन महिने म्हणा, चार म्हणा," त्या म्हणाल्या. "जे वाजवायचं असेल ते आता वाजवा."

त्याला एकच गोष्ट वाजवायची होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागं बसून त्यानं स्वतःची अशी एकच धून बांधली होती, अकरा मिनिटांची. घरात तिला नुसतं 'मोठी' म्हणत. मोठी कधी रेकॉर्ड झाली नव्हती. आज करू, उद्या करू, चांगला माईक येऊ दे, असं करता करता वीस वर्षं गेली होती. लिहून ठेवलेली नव्हती, कारण मधल्याला सूर लिहिता येत नव्हते. ती फक्त त्याच्या बोटांत होती.

"आता करायची तर नीट करायची," धाकटा म्हणाला. "दादा, एकदाच होणार आहे. माईक ठरलाय. आता प्रीअँप ठरवू."

गिटारसमोरच्या माईकमधून जो आवाज निघतो तो मुंगीच्या बोलण्याएवढा असतो. तो माणसाच्या कामाचा होईल इतका मोठा करायचा, ते काम प्रीअँपच्या पेटीचं. धाकट्याकडे अशा तीन पेट्या होत्या. एक जुन्या स्टुडिओतून आणलेली, दगडासारखी जड. एक नवी, हातात मावेल एवढी, जे असेल ते आरशासारखं दाखवणारी. आणि तिसरी त्यानं स्वतः बनवलेली, वडिलांच्या दुकानातले उरलेले व्हॉल्व लावून, करड्या पत्र्याच्या डब्यात. ती बनवायला त्याला सहा वर्षं लागली होती, आणि तिच्याविषयी तो कधी बोलायचा नाही. ज्या गोष्टीवर त्याचा जीव असे तिच्याविषयी तो बोलत नसे, एवढं ताईला ठाऊक होतं.

"तिन्ही एकदम लाव की," मधला म्हणाला. "मी एकदा वाजवतो, तू तिघींत भर."

"एका माईकला तीन पेट्या जोडल्या की तिघी त्याला आपापल्याकडे ओढतात. मग खरा स्वभाव कुणाचाच कळत नाही. वेगवेगळंच करायला हवं."

"म्हणजे मोठी तीनदा वाजवू?"

"सुरुवातीचं हळू आणि शेवटचं जोराचं, दोन्ही तपासायला हवं ना."

"नाकापेक्षा मोती जड झालाय रे," मधला म्हणाला, पण गिटार उचलली.

सकाळी ऊन पाण्यात हात बुडवून ठेवला की मधल्याची बोटं चाळीस मिनिटं चालायची. त्याच्यावर पाच मिनिटं नाही. अकरा त्रिक तेहतीस, मध्ये पेटी बदलायला दोनदोन मिनिटं. दिवसाचं वाजवणं तिथंच संपायचं.

ताईची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असे. कुठली पेटी लावलीय ते तिला दिसता कामा नये. धाकटा तिन्हींचा आवाज मीटरवर तंतोतंत सारखा करी, कारण जी पेटी जरा मोठी वाजते ती कानाला चांगली वाटते, ही कानाची जुनी खोड. मग तो मागून सांगायचा, "पेटी एक." "पेटी दोन." "पेटी तीन." वाजवून झालं की तिन्ही पुन्हा स्पीकरवर ऐकवायचा, आणि मग खोलीत कुणी बोलायचं नाही. ताईनं बोलायचं.

पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून ऐकलं. तिला मोठी ऐकू आली, खालच्या तारांची चाल, अंगठ्याचा ठोका, सगळं. फक्त वरचं काहीच नव्हतं, नखाचा तारेला लागणारा तो बारीक काटा नव्हता. तीन पेट्या तिला एकाच माठातल्या पाण्याच्या तीन पेल्यांसारख्या वाटल्या. सांगावं असं मनात आलं. मागं धाकटा श्वास रोखून उभा होता, ते तिला न बघता कळत होतं.

"दोन आणि तीनमध्ये काहीतरी आहे," ती म्हणाली. "उद्या पुन्हा ऐकू."

"बघ," धाकटा मधल्याला म्हणाला. "आपल्याला नाही सापडलं. ताईला सापडतंय."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आज एकमध्ये काहीतरी आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, माईक दोन बोटं मागं घे. तिला वाटायचं, कधीतरी एखाद्या दिवशी फरक ऐकू येईलच. कान आहे, सर्दीनं बसतो, पुन्हा उघडतो. आणि नाहीच ऐकू आलं तर धाकट्याच्या चेहऱ्यावरून ओळखू. पण तोंड भिंतीकडे होतं. भिंतीवर रजई टांगलेली होती. तिच्यावरच्या निळ्या टाक्यांशिवाय ताईला नऊ दिवस दुसरं काही दिसलं नाही.

"तुमच्या तराजूत मीच झिजतोय बरं का," सहाव्या दिवशी मधला म्हणाला. त्याचा हात पाण्यात होता.

"दमलास का?" ताईनं विचारलं.

"छे. अजून आहेत दिवस."

नवव्या दिवशी मोठीच्या शेवटच्या भागात त्याचं करंगळीचं बोट एकदा चुकलं. कधी न चुकणारं बोट. ते मात्र ताईला ऐकू आलं, कारण ती चूक खालच्या तारेवर झाली. आता बस, काहीतरी बोलून टाकायलाच हवं.

"दोन," ती म्हणाली.

तिनं मान वळवली. धाकटा त्या करड्या डब्यावर हात ठेवून उभा होता. पेटी दोन त्याची होती. "नक्की?" त्यानं विचारलं. "ताई, नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?"

"मला काय ठाऊक कुठली कुणाची," ताई म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

तो चष्मा आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

त्या दुपारी त्यानं सगळ्या चाचण्या पुसल्या. हा त्याचा टेपच्या काळापासूनचा नेम. चाचणीची टेप एकच असे, तिच्यावरच पुन्हा पुन्हा भरायचं. टेप जाऊन डिस्क आल्या तरी नेम राहिला. "राहू दे की रे," ताई म्हणाली होती. त्यावर तो हसला. "चाचणी ठेवली की माणूस तिच्यावरच जीव लावतो गं. मग खरं वाजवलेलं पटत नाही. पाटी कोरी पाहिजे." मोठी सत्तावीस वेळा वाजली होती, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. सत्तावीसच्या सत्तावीस वेळा त्यानं पुसली.

मधे एक दिवस हाताला विश्रांती दिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी फ्रिज बंद झाला, घड्याळ थांबलं, गादी दाराला लागली. मधल्यानं हात पाण्यात ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला, पुसला, गिटार मांडीवर घेतली. करंगळी तारेपर्यंत गेली आणि तारेवर नुसती पडली. दाब येईना. त्यानं दुसऱ्या हातानं ती उचलून पुन्हा ठेवली. धाकटा म्हणाला, "थोडं थांबू." थांबले. दुपारी पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं. तीन आठवडे रोज सकाळी पाहिलं. मग एके दिवशी धाकट्यानं फ्रिज बंदच केला नाही. पुसलेली डिस्क तो एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला होता. त्यानं चार दिवसांनी ती परत दिली. "फारच नीट पुसलीय तुम्ही," म्हणाला.

धाकटा बाहेर गेलेला असताना ताईनं तो कानाचा कागद चादरींखालून काढला आणि मधल्यासमोर ठेवला. तो खिडकीशी बसला होता, डावा हात उशीवर.

"हे काय?"

"मला ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "नऊ दिवस. एकही फरक कळत नव्हता. मी उगाच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले."

त्यानं कागद उलटा धरला होता. तो तसाच परत दिला.

"मला ठाऊक होतं."

ताईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"चौथ्या दिवशी धाकटा वायर आणायला बाहेर गेला होता ना. तेव्हा मी तुझ्या पाठीमागं तारेला नुसतं बोट लावून वाजवलं, ते घंटीसारखं वाजतं ना, तसं. लहानपणी मी ते केलं की तू कुठूनही ओरडायचीस, कानात टोचतं म्हणून. तू मान वळवली नाहीस. तीनदा वाजवलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं," मधला म्हणाला. थोडा वेळ तो बोटांकडे बघत राहिला. "आणि ह्याची पेटी. तू म्हटल्याशिवाय ती त्याला चांगली वाटली असती का? म्हटलं, जाऊ दे, चार दिवस जातील. आहेत अजून दिवस."

"आहेत," ताई म्हणाली, अगदी त्याच्याच सुरात. नऊ दिवस तीही मनाशी हेच म्हणत आली होती.

"त्याला सांगू?" तिनं शेवटी विचारलं.

"काय सांगणार आता? बैल गेला नि झोपा केला. निदान पेटी तरी राहू दे त्याच्याकडे."

कागद परत चादरींखाली गेला.

मधल्यानं गिटारच्या तारा सैल करून ठेवल्या. मोठीची चाल तो कधी तोंडानं गुणगुणायला बघे, पण दोन ओळींच्या पुढं त्याला जाता येत नसे. ती गळ्यासाठी बांधलेलीच नव्हती. ताईलाही जेवढी आठवे तेवढी खालचीच आठवे.

आता धाकट्याकडे कधी कुणी जुना मित्र आला की तो त्याला मागच्या खोलीत नेतो. भिंतीवरच्या रजया अजून तशाच आहेत. आवाजाची पातळी लावतानाचा वीस सेकंदांचा एक तुकडा दुसऱ्या डिस्कवर राहून गेला होता, तेवढाच. त्यात धाकट्याचा आवाज येतो, "पेटी दोन, वरचा बारीक सूर," आणि मग मधला तारेला नुसतं बोट लावून तोच घंटीसारखा सूर पुन्हा पुन्हा काढतो. मोठीतलं त्यात काही नाही.

"ऐका, ही माझी पेटी," धाकटा पाहुण्याला सांगतो. "तिघींतून ताईनं निवडली, तीही तोंड भिंतीकडे करून. ताई, ये गं जरा. सांग ह्यांना."

ताई पदराला हात पुसत येते आणि दारात उभी राहते. मधला खिडकीशी असतो, तो वर बघत नाही. धाकटा बटण दाबतो. त्याचे शब्द तिला नीट ऐकू येतात. त्याच्यानंतर काही येत नाही. ती पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहते, त्याची मान हलायची थांबली की वाजवणं संपलं असं समजते, आणि म्हणते, "सुरेख."