तात्पुरती बंद

कोथरूडच्या त्या सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी दर महिन्याला आपल्यातल्याच कुणाला तरी हॉलमध्ये बोलायला उभं करत. या वेळी पाळी श्यामराव सबनिसांची होती. गळ्यात जुनी शिट्टी अडकवून ते खाली उतरले.

श्यामरावांची बहुतेक नोकरी शंखबेटावर झाली होती. समुद्रातलं छोटंसं बेट, त्यावर एक धावपट्टी आणि आठवड्यातून दोनदा येणारं एक लहान विमान. विमान येण्याआधी शिट्टी फुंकून बकऱ्या हाकलण्यापासून पट्टीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. पुढे वेगवान बोटी सुरू झाल्या, लोक बोटीने जाऊ लागले आणि विमान बंद पडलं. फाटकावर 'तात्पुरती बंद' अशी पाटी लागली. निवृत्त झाल्यावर ते पुण्यात मुलीकडे राहायला आले. खाली बाकावर कुणी विमानतळाचं विचारलं, की ते अजूनही तेच दोन शब्द सांगत.

मुलगी तनुजा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. पडद्यावर दाखवायची चित्रं तिनेच लावून दिली होती. जुने फोटो बाबांचे. शेवटचं चित्र मात्र तिने स्वतः शोधून घातलं होतं. उपग्रहातून टिपलेलं, याच वर्षीचं. आजची स्थिती दाखवल्याशिवाय विषय पूर्ण होत नाही, असं तिला वाटलं. बाबांना ते आधी दाखवावं, हे सुचलंच नाही.

भाषण रंगलं. बकऱ्यांच्या गोष्टीला तर हसून हसून खुर्च्या हलल्या.

"पट्टी अजून जशीच्या तशी आहे," श्यामराव शेवटी म्हणाले. "उद्या विमान येऊ दे, उतरवून दाखवतो."

तनुजाने बटण दाबलं.

पट्टीच्या एका टोकाला झुडपं माजली होती. मधोमध पाण्याची टाकी उभी होती. उरलेल्या लांबीवर काहीतरी करड्या रंगाचं पसरलेलं होतं.

"ते काय आहे हो?" मागून कुणी तरी विचारलं.

"वाळत घातलेली मासळी. बहुधा बोंबील," तनुजा म्हणाली. विद्यार्थ्याने शंका विचारावी आणि आपण सांगावं, तसंच तिने पुढे सांगितलं, "आणि ही टाकी मधोमध असल्यामुळे आता इथे विमान उतरणं शक्य नाही."

"म्हणजे सबनीस," शेजारचे परचुरे म्हणाले, "विमानाआधी बोंबलांना शिट्टी मारावी लागणार."

सगळे हसले. श्यामरावही हसले, जरा उशिरा. मग त्यांनी शिट्टी शर्टाच्या आत सरकवली. ते पाहिल्यावर तनुजाला पडदा विझवायचं बटण सापडेना.

जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"चित्रात चूक काहीच नव्हती," श्यामराव म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

कार्यक्रम संपल्यापासून तीही स्वतःला हेच समजावत होती. त्यांच्या तोंडून ते ऐकवेना.

त्यानंतर ते बाकावर गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. मग हवा गार आहे म्हणाले. संध्याकाळी खालून बोलण्याचे आवाज येत, तेव्हा ते उठून खिडकी लावून घेत. तनुजा वह्या तपासत बसे. एकच उत्तर तिला पुनःपुन्हा वाचावं लागे.

एका संध्याकाळी बेल वाजली. "परचुरे आलेत," दाराच्या भिंगातून पाहून तनुजा म्हणाली.

"मी झोपलोय म्हणून सांग," आतून बाबा हळूच म्हणाले.

तनुजाने दार उघडलं. "बाबा घरात नाहीत," ती म्हणाली. झोपलेत म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

परचुऱ्यांनी दाराशी पाहिलं. श्यामरावांच्या चपला जोडीने ठेवलेल्या होत्या.

"अनवाणी गेलेत का?"

खरं सांगावं तर बाबा पुन्हा उघडे पडणार होते. खोटं तर उघडं पडलंच होतं. ती चपलांकडे बघत राहिली.

आतून पावलं आली.

"अहो परचुरे, तिला कशाला छळताय? खोटं बोलणं जमत नाही तिला. लहानपणापासून." श्यामरावांनी चपला पायात सरकवल्या. "चला. पण बोंबलांचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत. चिंबोऱ्या चालतील?"

जाताना तनुजाकडे न बघताच श्यामरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कठडा धरून जिना उतरू लागले. दार ओढून घ्यायचं तनुजाला बराच वेळ सुचलं नाही.