चार कळ्यांचा तंबू

पेणच्या रामवाडीत रशिदाकडे कपडा शिवायला टाकला की दोन गोष्टी ठरलेल्या. सांगितलेल्या दिवशी कपडा मिळणार, आणि घालून दाखवल्याशिवाय तो दुकानाबाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, पडद्यामागे जायचं, घालून यायचं, हात वर करायचे, खाली बसून उठायचं. रशिदा चष्म्यावरून बघायची, मान हलवायची, आणि मगच पिशवी हातात पडायची. नवरा कुवेतला असताना सव्वीस वर्षं तिने याच शिस्तीवर दुकान आणि घर दोन्ही चालवलं होतं.

डिसेंबरात एका सुट्टीच्या दिवशी दिपिका आली आणि तिने कटिंगच्या टेबलावर एक जाडजूड पिशवी आदळली. दिपिका खारेपाटातल्या हिरामणची मुलगी. बाप मिठागरावर, ही डोलवीला कंपनीत एका कंत्राटदाराच्या ऑफिसात. तिच्या शाळेच्या पहिल्या फ्रॉकपासून सगळं रशिदानेच शिवलेलं.

"चाची, हा तंबू. याच्यापेक्षा हलका शिवून देशील?"

"तंबू? मी काय मांडववाली हाय गो?"

"ऐक तरी. पावणेतीन किलोचा हाय. त्यात पाणी, अंथरूण, खाणं. डोंगर चढेपर्यंत खांदे उतरतात. आणि हा तिघांचा. मी जाते एकटी. मग बाकी दोघांच्या जागेचं वजन मी कशाला वाहू?"

दिपिका सुट्टी मिळाली की डोंगरावर जायची आणि रात्र वरच काढून सकाळी उतरायची, हे रशिदाला ठाऊक होतं. एकटी का जातेस, असं तिने एकदा विचारलंही होतं. "चाची, ऑफिसात आठ तास फोन वाजतो. वर कोणी हाक मारत नाय," एवढंच दिपिका म्हणाली होती.

दोघी फोनवर चित्रं बघायला बसल्या. पहिली निघाली दोन झाडांना बांधायची झोळी. वजनाला एकदम हलकी. "पण माळावर झाडंच नायत," दिपिका म्हणाली. दुसरी होती चेनवाली लांब पिशवी. माणूस आत शिरणार, तोंड तेवढं बाहेर.

"तौबा गो! जितेपणी कफन कशाला?" रशिदाने बोटाने ते चित्र पुढे ढकललं.

तिसरं नुसतं एक कापड, दोरीवर टाकून दोन्हीकडे ताणलेलं. त्याच्या दोन्ही बाजू उघड्या. वारा येणार तो येणार, वर डासांना आमंत्रण. मग चौथं चित्र आलं आणि रशिदाने फोन हातातच घेतला. मधोमध एक काठी, कापड चारी बाजूंनी खाली उतरलेलं, चार कोपऱ्यांना चार खुंट्या.

"हे तर कळीचं काम हाय," ती म्हणाली. "चार कळ्या कापायच्या. वर निमुळत्या, खाली घेर. घेरदार बुरख्याच्या कळ्या मी डोळे मिटून कापते. काठी कुठली?"

"चालताना हातात असते तीच. वेगळी न्यायला नको."

"मग कापड आण."

कापड कुरियरने आलं. छत्रीच्या कापडासारखं पातळ, पण चिवट, आणि निसरडं तर इतकं की मशीनच्या पायाखालून मासळीसारखं सटकायचं. रशिदाने पेपराची पट्टी खाली धरून शिवलं आणि मग पट्टी फाडून टाकली. प्रत्येक कड दोनदा दुमडली, म्हणजे शिवणीतून पाणी झिरपायला नको. कोपऱ्यांना दुहेरी ठिगळं लावली. तयार झालेली घडी शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली तर सातशे चाळीस ग्रॅम. दिपिकाने भर दुकानात उडी मारली.

"आणि आता घालून कोण बघणार?" रशिदा म्हणाली.

"तंबू कोण घालून बघतं, चाची?"

"माझ्या दुकानातनं बघितल्याशिवाय काही जात नाय."

दिपिकाची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. तेव्हा हे काम रशिदावरच आलं. रात्री तिने घराच्या गच्चीवर तंबू उभा केला. स्लॅबमध्ये खुंट्या कुठून ठोकणार, म्हणून चार कोपऱ्यांना चार विटा बांधल्या, आत चटई टाकली आणि गोधडी घेऊन आडवी झाली.

जाग आली तेव्हा ऊन कापडातून आत पाझरत होतं आणि खाली दूधवाला कधीचाच येऊन गेला होता. पहाटेची फजरची अजान तिला ऐकूच आली नव्हती. असं कधी झालं नव्हतं. ती धडपडत उठली तर टाळूवर थंडगार पाणी ठिबकलं. कापड आतून भिजलं होतं. बाहेरचं दव नव्हे, तिच्याच श्वासाची वाफ रात्रभर गार कापडाला लागून पाणी झाली होती. खाली येऊन तिने आधी वेळ चुकलेली कजा नमाज पढली आणि मग आरशात बघितलं. डोळ्यांखालचं काळं जरा कमी दिसत होतं.

आता हे कशामुळे, ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण ती कुणाला सांगणार नव्हती. तिचा नवरा याकूब दीड वर्षापूर्वी कुवेतहून कायमचा घरी आला. सव्वीस वर्षं ती ज्या माणसाची वाट बघत होती, तो आता रोज समोर बसून चहा प्यायचा, बाजारातून मासळी आणायचा, भांडी घासू लागायचा. आणि रात्री घोरायचा. साधंसुधं नाही. आधी बंदरातली लाँच सुरू झाल्यासारखी धडधड, मग लांब शीळ, मग एकदम शांतता, आणि रशिदा घाबरून उठून बसली की पुन्हा लाँच सुरू. दीड वर्षात ती सलग चार तास झोपली नव्हती. पण तक्रार कुठल्या तोंडाने करायची? इतकी वर्षं एकटीने काढली, आता माणूस आला तर त्याच्या आवाजाचा त्रास होतो म्हणायचं? तिची तिलाच लाज वाटायची.

रविवारी दिपिका आली तेव्हा रशिदाने तंबूतली खोट सांगितली. खोट खरीच होती. टोकाजवळ हवेला वाट हवी, त्यावर पाणी आत येऊ नये म्हणून छोटी टोपी हवी. दिपिकाला पटलं. दुसऱ्या आठवड्यात टोपी झाली, पुन्हा परीक्षा झाली, आणि खालून डास शिरतात हे निघालं. तेही खरंच होतं. रशिदाने मच्छरदाणीच्या जाळीची वीतभर झालर लावली. वजन आठशे दहावर गेलं. दिपिकाने ओठ काढला, पण डास तिलाही माहीत होते.

तिसऱ्या रविवारी मात्र रशिदा म्हणाली, "शिवण जरा बघायची हाय. पुढच्या रविवारी ये."

शिवणीला काहीही झालं नव्हतं. चाळीस वर्षांच्या धंद्यात रशिदा गिऱ्हाइकाशी पहिल्यांदा खोटं बोलली, आणि बोलताना तिने कात्री उगाचच दोनदा उचलून ठेवली. दिपिका बाहेर पडली आणि गल्लीच्या तोंडाशी याकूबने तिला गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशिदा तंबूत जागी होऊन छताकडे बघत पडली होती, तेवढ्यात बाहेर बशीचा आवाज झाला.

"चहा आणलाय," याकूब म्हणाला. "आत येऊ का नको, ते सांग."

रशिदाने झालर वर केली. याकूब चहा घेऊन उकिडवा बसला होता. त्याचा चेहरा पडलेला होता.

"रशिदा, मी काय केलं?"

"म्हणजे?"

"पंधरा रात्री झाल्या तुला इथं. समोरची सुरभी विचारते, भांडण झालं काय. दिपिकाला विचारलं तर ती म्हणते, तंबू कधीचाच चांगला झालाय. माझं चुकलं असंल तर सांग. मला घरात राहायची सवय नाय अजून, हे मला कळतं. तुझ्या घरात मी पाहुण्यासारखा आलो."

रशिदा झटकन बाहेर आली, त्याच्या शेजारी गच्चीच्या कठड्याला टेकून बसली, आणि इतके दिवस दाबलेलं एका दमात बोलून गेली.

"जिकराचे अब्बा, तुमी घोरता."

याकूब कान देत पुढे वाकला.

"फार घोरता. मी दीड वर्ष झोपले नाय. सांगायची लाज वाटली. तुमची एवढी वाट बघितली, आणि आता..."

याकूबने बशी खाली ठेवली आणि तो हसायला लागला. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अगो, कुवेतला आठ जणांची खोली होती. पहिल्याच महिन्यात माझी खाट पोरांनी उचलून पॅसेजमध्ये ठेवली. सव्वीस वर्षं मी पॅसेजात झोपलो! त्यांच्यातला हाशिम तर माझं नाव घ्यायचा नाय, लाँचवाला म्हणायचा."

"मग मला सांगितलं का नाय?"

"मला वाटलं, वयाबरोबर गेलं असंल. तू काही बोलली नायस."

दोघं इतकी हसली की समोरची सुरभी गॅलरीत येऊन उभी राहिली. भांडण नाही, हे तिला तिथूनच कळलं. त्याच आठवड्यात याकूबने आपली गादी पुढच्या खोलीत हलवली आणि दवाखान्यातही जाऊन आला. डॉक्टरने वजन उतरवायला सांगितलं आणि कुशीवर झोपायला सांगितलं. त्याने आवाज थोडा कमी झाला. बाकीचं काम मधल्या दाराने केलं.

दिपिकाला तंबू मिळाला. रशिदाने तिच्याकडे खोटं बोलल्याची कबुलीही दिली आणि बदल्यात पिशवीला मऊ पट्टा लावून दिला. दिपिका शनिवारी निडीच्या मागच्या डोंगरावर गेली आणि सोमवारी ऑफिसला जाता जाता दुकानात डोकावली. "चाची, वाऱ्यात हलला नाय! फक्त खुंट्यांच्या दोऱ्या अंधारात दिसत नायत, मी अडखळून पडले."

"पांढऱ्या नाड्या लावते," रशिदा म्हणाली. आणि नाड्या लावताना तिच्या मनात भलतंच येऊन बसलं. दोन दिवस तिची नजर मशीनवरून उठून डोंगराकडे जायची. तिसऱ्या दिवशी याकूबच म्हणाला, "तुला जायचंय. तोंडावर दिसतंय. मग जा की."

"लोक काय म्हणतील?"

"लोक पंधरा दिवस म्हणत होते आपलं भांडण झालं. मरू दे लोकांना."

स्वतःचा तंबू शिवताना रशिदाने दिपिकाची मापं घेतली नाहीत. पोरगी सडसडीत, वाकून शिरते, वाकून निघते. रशिदाचे गुडघे वेगळे होते. तिने टोक हातभर उंच घेतलं, म्हणजे आत नीट बसून नमाज पढता येईल. दार रुंद ठेवलं, म्हणजे रांगावं लागणार नाही. काट्यावर एक किलो शंभर भरलं. दिपिका म्हणाली, "चाची, तीनशे ग्रॅम जास्त." रशिदा म्हणाली, "ते तीनशे ग्रॅम माझ्या गुडघ्यांचे. मी उचलीन."

जानेवारीतल्या एका शनिवारी नवराबायको पेणहून रोह्याच्या गाडीत बसली. रशिदा निडीला उतरली. याकूब पुढे रोह्याला, लेकीकडे, जिकराकडे जाणार होता. गाडी हलली तरी तो दारातून ओरडत होता, "फोन चालू ठेव! बॅटरी बघितलीस ना?"

निडीत दिपिकाची मावशी चंद्रावती राहायची. तिने डोंगराच्या वाटेपर्यंत सोबत केली, वर सपाट माळ कुठे आहे ते हाताने दाखवलं, आणि म्हणाली, "वरनं आमच्या घराचा दिवा दिसतो. काय वाटलं तर बॅटरी हलव, पोरांना पाठवते." रशिदा सावकाश चढली. चार वेळा बसली, दोनदा परत फिरावंसं वाटलं. माळावर पोचली तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता. खुंट्या एका दगडाने ठोकल्या, काठी उभी केली, आणि कापड ताठ झालं तशी ती दोन पावलं मागे सरून बघत राहिली. शिवण कुठे ओढली नव्हती.

घाबरली ती घाबरलीच. गवतात काही खुसपुटलं की बॅटरी लावायची. एकदा चंद्रावतीच्या दिव्याकडे बघून घेतलं, एकदा याकूबला फोन केला. मग भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, नमाज पढली, आणि गोधडीत शिरली. थोडा वेळ ती कान देऊन पडली. वारा कापडावरून सरकत होता. हाक मारणारं कोणी नव्हतं, चिंता करण्यासारखं कोणी उशाशी नव्हतं, मशीनवर अर्धवट राहिलेला ब्लाउजही नव्हता. इतकं काहीच नसणं तिला जन्मात माहीत नव्हतं, आणि त्याची मजा घ्यावी म्हणेपर्यंत तिचा डोळा लागला.

फजरला ती आपणहून उठली, नमाज पढली आणि समाधानाने पुन्हा आडवी झाली. मग कोणीतरी तंबूला काठीने टोचलं.

"कोण हाय गो आत?"

बाहेर एक म्हातारी उभी होती आणि तिच्या पाच-सहा शेळ्या खुंट्यांचा वास घेत होत्या. नाव सीताबाई, डोंगराच्या पलीकडच्या वाडीवरची. रशिदाने सगळं सांगितलं, पेण, दुकान, दिपिका. सीताबाई ऐकत ऐकत तंबूभोवती एक फेरी मारून आली, कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं.

"एकटीच आलीस?"

"व्हय. एकटीच."

"घरी भांडून?"

"नाय गो. झोपायला."

सीताबाईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग हातातली काठी रशिदाला दिली, वाकून आत शिरली आणि रशिदाच्या गोधडीवर लांब झाली. तिचे चपला घातलेले पाय तेवढे बाहेर राहिले. "शेळ्या त्या बाजूला जाऊन देऊ नको, तिकडं वाल लावलाय," ती आतून म्हणाली, आणि मग बोलायची थांबली.

रशिदा काठी मांडीवर आडवी घेऊन, शेळ्यांवर नजर ठेवत, उन्हात बसली.