तोंडातली गोळी

रमजान लागला की आमच्या दवाखान्याच्या काचांना आतून जाड पडदे लागतात. बाजारातल्या खानावळींना लागतात तसेच. आत कोण पाणी पितंय ते रस्त्यावरच्या माणसाला दिसू नये, एवढ्यासाठी. दवाखाना अफू सोडणाऱ्यांचा आहे. सकाळी रांगेने यायचं, गोळ्या देणाऱ्या परवीझसमोर अफूच्या जागी मिळणारी मेथाडोनची गोळी गिळायची, वर पाणी प्यायचं आणि एक तरी शब्द बोलायचा. माणूस बोलल्याशिवाय गोळी पोटात गेली असं धरत नाहीत. तोंडात लपवून बाहेर नेलेल्या गोळीला बाजारात गिऱ्हाईक असतं.

माझा धाकटा भाऊ हशमत हिवाळ्यापासून तिथे जात होता. त्याला जामीन मी. घरचं कुणीतरी जामीन लागतं, आणि त्याला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्याआधी पोलिसांनी त्याला धरून, अफूवाल्यांना डांबतात त्या गावाबाहेरच्या कॅम्पात टाकलं होतं. तिथून आला तेव्हा तो दिवा मालवू देत नसे. कुणी आवाज चढवला की दोन्ही हात डोक्यावर घ्यायचा. दवाखान्यातून नाव कापलं की पुन्हा तोच कॅम्प, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर बोलत मात्र नव्हतो.

रमजानच्या आदल्या दिवशी तो मला, थोरल्या बहिणीला, म्हणाला, "आबजी, यंदा मी रोजे धरणार."

"अरे, तू आजारी माणूस. आजाऱ्याला रोजा माफ असतो."

"मी कुठला आजारी? आजाऱ्याला लोक बघायला येतात, मोसंबी आणतात. मला कुणी आणली? मशिदीत इफ्तारला बसलो की शेजारचा विचारतो, कसा गेला रोजा? आणि हसतो. यंदा मला खरं उत्तर द्यायचंय."

मी डॉक्टर फुरूहरना सांगायला गेले. डॉक्टर पुढे वाकून चालणारा, थकलेला माणूस. त्यांनी कपाळ चोळलं.

"मुनव्वर खानम, गोळ्या इफ्तारनंतर देऊ द्या म्हणून मी किरमानच्या कचेरीला केव्हाच लिहिलंय. उत्तर नाही. परवाना दुपारी दोनपर्यंतचाच आहे. घरी न्यायला गोळी द्यावी, तर हशमतला अजून तेवढे महिने झालेले नाहीत."

"मग त्यानं करायचं काय?"

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "तुम्ही मला काही सांगितलं नाही आणि मी काही ऐकलं नाही."

मग तसंच सुरू झालं. हशमत गोळी तोंडात टाकायचा, पेला घेऊन पाठ फिरवायचा, गोळी रुमालात घ्यायचा, तोंड वळवून परवीझला सलाम म्हणायचा. परवीझ दुसरीकडे बघायचा. संध्याकाळी अजान झाली की खजुराबरोबर माझ्यासमोर तो गोळी गिळायचा. दिवसभर नाक गळायचं, जांभयांनी जबडा दुखायचा, पण माणूस मान वर करून मशिदीत जायचा.

किरमानहून तपासणीला मोतमेदी बाई आल्या त्या न कळवता, ऐन रांगेच्या वेळी. गेल्याच महिन्यात त्यांनी शेजारच्या गावातला दवाखाना बंद केला होता. ते ऐकूनच आमच्याकडे सगळे धास्तावलेले होते. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. परवीझच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चालू द्या."

हशमतच्या पुढे कर्बलाई सफदर होता, जुना ट्रकवाला. त्याने गोळी गिळली, पाणी प्याला आणि बाईंना म्हणाला, "देव तुमचं भलं करो, आणि आमच्यापासून तुम्हाला लवकर घरी पोचवो." रांग हसली. बाईही किंचित हसल्या.

हशमतला मागे सरकायला जागा नव्हती. परवीझने गोळी दिली. हशमतने तोंडात टाकली. पेला घेतला, पाठ फिरवायला गेला.

"इकडे तोंड करून," बाई म्हणाल्या.

त्याने पेला ओठाला लावला. पाणी हललंसुद्धा नाही. पेला खाली ठेवला.

"बोला काहीतरी. नाव सांगा."

हशमत गप्प. गोळी गालात होती. गिळावी तर रोजा जातो, थुंकावी तर नाव जातं. जामीन म्हणून आलेली मी भिंतीशी उभी होते. त्याच्या गळ्याची गाठ जागची हलत नव्हती. थुंकीसुद्धा गिळत नव्हता पोरगा.

"काय हो, मिठाची गुळणी धरलीय का?"

सफदर मध्ये पडला. "बाई, तो बोलतच नाही कधी. लग्नात मुल्लालासुद्धा मान हलवूनच हो म्हणाला. म्हणून तर बायको गेली, तिला वाटलं लग्नच लागलं नाही."

या खेपेला कुणी हसलं नाही. हशमतच्या ओठाच्या कोपऱ्यातून पांढरट लाळ उतरली. गोळी विरघळायला लागली होती.

"रुमाल काढा," बाई म्हणाल्या. "तोंडातलं त्यावर ठेवा."

त्याने ठेवलं. अर्धी झालेली गोळी. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांचा आवाज उलट खाली गेला.

"गेल्या वर्षी अशीच एक गोळी मी बघितली. आजोबांच्या रुमालातली. उशीजवळ ठेवली होती. नातीला खडीसाखर वाटली. चार वर्षांची होती."



"मी विकत नाही," हशमत म्हणाला. जीभ कडवटपणाने जड झाली होती. "मला रोजा आहे."

रांगेच्या शेवटी कुणीतरी फिस्सकन हसलं. "अफूवाल्याचा रोजा!"

"विकत असाल किंवा नसाल," बाई म्हणाल्या, "गोळी बाहेर नेणाऱ्याचं नाव कापावं लागतं. पुढं कुठं पाठवायचं ते पोलीस बघतात." मग त्या वळल्या. "डॉक्टर, तुम्हाला हे माहीत होतं?"

डॉक्टर आपल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी परवीझकडे पाहिलं, मग रांगेकडे. मीही रांगेकडे पाहिलं. डॉक्टर 'हो' म्हणाले की या सगळ्यांच्या तोंडावर दार बंद होणार. 'नाही' म्हणाले की माझा भाऊ जाणार. मी त्यांना सांगितलं होतं, हे माझ्या जिभेच्या टोकाशी आलं. समोर सफदर उभा होता, त्याच्यामागे वीटभट्टीवरची ती दोन माणसं, जी आत्ता कुठे कामाला जायला लागली होती. मी डोक्यावरच्या चादरीचं टोक दातात धरलं.

बाईंनी पेन उघडलं.

तेवढ्यात हशमतने रुमालावरची गोळी उचलली, तोंडात टाकली, पेला घेतला आणि सगळं पाणी प्याला. घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत. भर दिवसा, सगळ्यांदेखत. पेला उलटा करून टेबलावर ठेवला. मग तोंड उघडून बाईंना दाखवलं, जीभ वर करून, गाल ओढून, घोड्याचे दात दाखवतात तसं.

"हशमत," तो म्हणाला. "हशमत माझं नाव. कापायचं तर कापा. पण डॉक्टरांना विचारू नका."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते जांभयांचं नव्हतं.

डॉक्टर दारातून पुढे आले. "बाई, त्याचं नाव कापू नका. मला माहीत होतं. पहिल्या रोज्यापासून. परवीझने माझ्या सांगण्यावरून डोळेझाक केली."

"परवाना कुणाच्या नावावर आहे, ते विसरलात का?"

"माझ्याच नावावर आहे. म्हणून तर सांगतोय. आणि इफ्तारनंतरची परवानगी मी मागितली होती."

"तुमचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे."

"मग उत्तर?"

बाई म्हणाल्या, "रोजा धरायचा की नाही ते डॉक्टरांनी ठरवायचं, कचेरीनं नाही. असा प्रश्न पुढं सरकतच नाही. तसाच पडून राहतो."

"इकडे तो असा सरकला," डॉक्टर रुमालाकडे बोट दाखवून म्हणाले.

बाईंनी उभ्याउभ्याच बराच वेळ लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. डॉक्टर फुरूहरना चौकशी होईपर्यंत गोळ्यांना हात लावता येणार नाही. किरमानहून दुसरा डॉक्टर येईल. दवाखाना चालू राहील. हशमतचं नाव राहील, पण रोज सकाळी, तोंड तपासून. संध्याकाळच्या वेळेबद्दल एक शब्द नव्हता.

"मुनव्वर खानम, जामीन तुम्हीच ना?" बाईंनी नोंदवहीत बघून मला विचारलं. "याला गोळी चुकवू देऊ नका."

"नाही चुकवू देणार," मी म्हटलं. आणखी बरंच बोलायचं होतं, पण त्यांनी चष्मा पुसायला घेतला होता.

त्या संध्याकाळी हशमत मशिदीत गेला नाही. अजान झाली तेव्हा चुलीपाशी बसून राहिला. मी खजूर पुढे केला. तो म्हणाला, "तू खा. रोजा तुझा आहे."

"पुढच्या वर्षी धर."

"पुढच्या वर्षी मी गोळीवरच असेन, आबजी. डॉक्टर म्हणाले होते, वर्षं लागतात. मीच कानावर घेतलं नव्हतं."

सकाळी आम्ही निघालो तेव्हा मशिदीचा झाडूवाला मश रजब पायऱ्या झाडत होता. गल्लीतल्या सगळ्या बातम्या आधी त्याच्या झाडूखालून जातात.

"काय रे हशमत, काल इफ्तारला आला नाहीस? तुझ्यासाठी वाडगाभर गरम आश ठेवली होती."

मी हशमतच्या बाहीला धरून पुढे ओढलं. तो थांबला.

"मला रोजा नाही, मश रजब. मी आजारी आहे. औषध घ्यायला चाललोय."

"कसला आजार?"

"अफूचा."

पलीकडे दुकानाची फळी काढणारा माणूस फळी हातात धरून उभा राहिला. हशमतचे हात वर यायला लागले, डोक्याकडे, कॅम्पातल्यासारखे. अर्ध्यावर आले आणि त्याने ते खाली घेतले.

मश रजबने झाडूवर हनुवटी टेकली.

"मग इथं काय उभा राहिलास? जा की. त्यांचं दार दोनला बंद होतं."